एकशे चौसष्ट हजेऱ्या

१ डिसेंबर, रविवार

मशीनची नोंदवही टेबलावर आहे, तिच्यात फक्त मशीनचं. ही वही माझी. संस्थेच्या धनश्रीताई म्हणाल्या होत्या, "अंगद, काय घडतं ते रोज लिहीत जा." त्यांना नोंदवहीच म्हणायचं होतं. पण मला काय वाटतं ते नोंदवहीत कसं लिहिणार?

सकाळी नऊला सर्व्हर सुरू केला. पाथर्डीत, आप्पासाहेबांच्या पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. संस्था तो पुण्याच्या कंपनीकडं ठेवणार होती. मीच हटून बसलो, की आमच्या तालुक्यातल्या माणसांची माहिती तालुक्यातच राहू द्या, मी बघतो. हौस होती, आता बघ म्हणावं.

काम सांगायला सोपं आहे. ऊसतोडीला गेलेल्या बायकांच्या मोबाईलात एक लाल बटण. ताप, बाळंतपण, साप, काही झालं की दाबायचं. निरोप माझ्या सर्व्हरवर येतो, तिथून सीमा सिस्टरच्या मोबाईलवर, आणि सिस्टर तिकडच्या दवाखान्याला फोन करून गाडी पाठवतात. यंदा चाळीस टोळ्या आहेत. त्यातल्या एकीत माझे आई-बा, कराडकडं.

अट एकच. तीन महिने, दर महिन्याला, सर्व्हर साडेनव्व्याण्णव टक्के वेळ चालू पाहिजे. राहिला तर पुढच्या हंगामात तालुक्यातल्या सगळ्या टोळ्या आणि पक्की नोकरी. मग बा कोयत्यावर जाणार नाही. ट्रकमध्ये चढताना आईला तसं सांगून बसलोय. बा नुसता हसला.

४ डिसेंबर, बुधवार

सीमा सिस्टर वर आल्या होत्या. "टक्के टक्के करता, पण ते मोजतं कोण?" मला कुणी हे विचारलं की बरं वाटतं.

मी सांगितलं, हजेरी घेतात तसं. एक सॉफ्टवेअर आहे. ते दर पाच मिनिटांनी इंटरनेटवरून सर्व्हरला हाक मारतं. ओ आली की हजर. नाही आली की गैरहजर, आणि त्याच क्षणी मशीनला लावलेल्या सिमकार्डावरून माझा मोबाईल बोंबलतो. दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी हजेऱ्या. महिना संपला की जितक्या वेळा हजर, त्याला जितक्या हजेऱ्या घेतल्या त्यानं भागायचं आणि शंभरनं गुणायचं.

"आणि हे हजेरी घेणारं बसतं कुठं?"

त्याच सर्व्हरवर. दुसरं मशीन आणायचं कुठून?

"म्हणजे मॉनिटर त्याच वर्गातला," सिस्टर म्हणाल्या.

म्हणालो, बरंच की, त्याला सगळं जवळून दिसतं. सिस्टर हसल्या नाहीत. लाईटचं विचारलं. इन्व्हर्टर आहे, जुना आहे पण आहे. आणि तो बसलाच, तरी लाईट आल्याबरोबर मशीन आपोआप उठतं, ती सेटिंग मी पहिल्याच दिवशी करून ठेवलीय. एवढं सांगूनही त्या जिन्यात थांबून म्हणाल्या, "बघा हं, बायका भरवशावर आहेत." जसं काही मला माहीत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

मंगळवार-शुक्रवार शेवगावला संगणकाचा वर्ग घेतो, ते अजून सोडलेलं नाही. सकाळी नऊच्या जीपनं जायचं, चारपर्यंत परत. वर्गात मोबाईल मुका ठेवावा लागतो. फक्त मशीनचा गजर चालू. आईलाही बजावून ठेवलंय, दिवसा मला फोन करायचा नाही, काही झालं तर बटण. बटण माझ्यापेक्षा लवकर ऐकतं.

आज अख्खा दिवस दर दहा मिनिटांनी मोबाईल बघत होतो. गप्प होता. परत आलो तर गिरणीपुढं दळणाच्या डब्यांची ही रांग, जिन्यापर्यंत. आप्पासाहेब डोक्याला हात लावून पायरीवर. म्हणाले, "लाईटीनं दिस खाल्ला. दर मंगळवारी आता हेच हाय म्हनत्यात, लाईनीचं काम काढलंय." मी वर पळालो. पडद्यावर सगळं हिरवं, शंभर टक्के. जुना इन्व्हर्टर पठ्ठ्या निघाला.

१ जानेवारी, बुधवार

डिसेंबरचा अहवाल धनश्रीताईंना नगरला पाठवला. १००.०० टक्के. दोनदा उघडून बघितला, मग तिसऱ्यांदा. ताईंचा उलटा फोन आला, "अंगद, पुण्यावाल्यांनाही शंभर जमत नाही." दिवसभर जमिनीवर पाय नव्हता. आप्पासाहेबांना पेढा दिला. ते म्हणाले, "शंभर म्हंजी येकदाबी बंद न्हाई? आरं वा." आणि वर छताकडं बघत राहिले.

३ जानेवारी, शुक्रवार

सीमा सिस्टरनी मूड घालवला. म्हणतात, मंगळवारी दुपारी एकही निरोप येत नाही. म्हणालो, बायका फडात असतात, बटण दाबायला मोकळ्या कुठं? "मग सोमवारी काय सुट्टी असते त्यांना?" मी सरळ त्यांना अहवाल दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत दिला आणि "बरं" म्हणाल्या. हे त्यांचं "बरं" मला लागतं. सरळ भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

७ जानेवारी, मंगळवार

वर्ग, जीप, डब्यांची रांग, हिरवं. तेच ते.

आईचा एक मिस्ड कॉल होता, सव्वाअकराचा. चिडलोच, सांगून ठेवलंय तरी. सात वाजता लावला तर म्हणाली, "चुकून दाबला गेला रं." मागं बरीच माणसं बोलत होती, चप्पल-बुटांचे आवाज. कुठं आहेस विचारलं तर म्हणाली बाजारात. मग म्हणाली, "अंगदा, तुझं मशीन बरं हाय ना?"

म्हणालो, एकदम. एक मिनिट बंद नाही.

"बरं झालं," म्हणाली आणि ठेवला.

१२ जानेवारी, रविवार

आईला मशीनची काळजी लागलीय. आज पुन्हा तेच, "मशीन बरं हाय ना?" बाला फोन दे म्हटलं तर बा पाण्याला गेलाय. आयुष्यात हंडा न उचललेला माणूस! म्हातारपणी का होईना, शहाणा झाला.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीचा काल फोन लागला नाही. आज लागला. तिळगूळ घ्या म्हणालो. बा झोपला होता, संध्याकाळी सहाला. मागून कुणी बाई काहीतरी बोलायला लागली, आई तिला म्हणाली, "तू गप गं." बायकांची भांडणं असतील.

आई म्हणाली, मी बरी हाय, बा बराय, समदं बरं हाय. तिचं ऐकलं की जीव थाऱ्यावर येतो. लागतो तेव्हा फोनवर तिचं नेहमी "बरी हाय" असतं. लागला नाही की मी समजतो, रेंज नसेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मोबाईल बोंबलला. आंघोळीत होतो. साबणासकट टॉवेल गुंडाळून धावलो, जिन्यात गिरणीवर आलेल्या दोन बायका होत्या त्यांनी तोंड फिरवलं. इंटरनेटची वायर उंदरानं कुरतडलेली. दातानं सोलून जोडली. पंधरा मिनिटं, तीन गैरहजेऱ्या. वर्गालाही गेलो नाही. एवढ्यानं टक्का किती उतरेल ते वहीच्या मागं चार वेळा काढलं.

पण एक कळलं. मशीन खरंच बंद पडलं तर मोबाईल ओरडतो. म्हणजे तो गप्प असतो तेव्हा सगळं ठीक असतं. आता मंगळवारी वर्गात मन लागेल.

२२ जानेवारी, बुधवार

सिस्टरशी भांडण. त्यांनी स्वतःची वही आणली होती, तीत प्रत्येक निरोपाचा वार आणि वेळ. मंगळवारच्या पानांवर सकाळी साडेदहापर्यंत काय ते आणि मग दुपार कोरी. मी म्हणालो, तुमच्या वहीपेक्षा दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा तपासणारं सॉफ्टवेअर जास्त खरं. कुणाची तक्रार आलीय का? एका तरी टोळीची?

"नाही," त्या म्हणाल्या. "त्याचीच मला भीती वाटते."

आवाज चढवायला नको होता. मोठ्या आहेत वयानं. पण एकदा शंका घेतली की ती नगरपर्यंत जाते, आणि मग पुणे.

१ फेब्रुवारी, शनिवार

जानेवारीचा अहवाल आला. ९९.९७. पाठवणारच होतो. मग म्हटलं, सिस्टरचं एकदा समाधान करून टाकू, हातानं गणित करून कागद त्यांच्या पुढ्यात ठेवू.

एकतीस दिवस, रोजच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी. आठ हजार नऊशे अठ्ठावीस. अहवालात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, घेतलेल्या हजेऱ्या आठ हजार सातशे चौसष्ट. पुन्हा गुणाकार केला. मोबाईलवर केला. एकशे चौसष्ट कमी.

गैरहजर तीनच आहेत, त्या उंदराच्या. मग या एकशे चौसष्ट कुठं गेल्या? हजरही नाहीत, गैरहजरही नाहीत. डोकं चालेना म्हणून खाली गेलो. आप्पासाहेब चाळणी झाडत होते. त्यांना नुसतं म्हणालो, हिशेब लागत नाही. ते म्हणाले, "माझं सोपं हाय बाबा. लाईट न्हाई म्हंजी गिरनी बंद. म्या झोपलो आसलो तरी बंदच. तुझं मशीन लाईट नसताना कशावर चालतंय?"

इन्व्हर्टरवर.

"आन त्यो पाच-पाच तास पुरतो?"

जिना चढून वर आलो. अहवाल पाठवलेला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सिस्टरना आधी सांगून, आज सकाळी आठला मीच मेन स्विच पाडला. घड्याळ लावून बसलो. इन्व्हर्टर बेचाळीस मिनिटं चालला. मग चूं करून बसला, सर्व्हरचा पंखा थांबला, दिवे गेले. मोबाईल हातात धरून बसलो होतो. ओरड म्हणालो त्याला. एक तास गप्प होता.

ओरडणार कोण? हाक मारणारंही त्याच मशीनवर, तेही सर्व्हरबरोबरच मेलेलं. हाकच मारली नाही, मग ओ आली नाही असं कोण लिहिणार? जी हजेरी घेतलीच नाही ती भागाकारातही नाही. स्विच वर केला, मशीन माझ्या सेटिंगनं आपोआप उठलं, आणि पडद्यावर आलं ते हिरवंगार, शंभर टक्के. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग एकेक नोंद काढली. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस जानेवारी. चारही मंगळवार, दर वेळी अडीच ते साडेचार तासांची भगदाडं. मिळून तेरा तास चाळीस मिनिटं. खरा टक्का ९८.१३. आणि डिसेंबरचेही दहा तारखेपासूनचे सगळे मंगळवार तसेच. तो शंभरचा अहवाल मी पेढे वाटून पाठवलाय.

खरं सांगायचं तर दुपारभर एक विचार डोक्यात घोळवला. ९९.९७ हे खोटं नाही, सॉफ्टवेअरनंच काढलंय. इन्व्हर्टर गुपचूप बदलला, हजेरी घेणारं दुसरीकडं हलवलं, तर कुणाला कळणार? सिस्टर सोडून कुणी विचारलेलंच नाही. महिना एक राहिलाय.

संध्याकाळी असं ठरवलं की आधी टोळ्यांना विचारू, कुणी मंगळवारी बटण दाबलं होतं का. कुणीच दाबलं नसेल तर मग बघू. सुरुवात आईपासून.

३ फेब्रुवारी, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सातला फोन लागला. आई, म्हणालो, मंगळवारी कुणी बटण दाबलं होतं का टोळीत? सर्व्हर बंद असायचा तेव्हा. मला माहीत नव्हतं.

मला वाटलं रेंज गेली.

"कवा कवा बंद हुतं?"

मी तारखा वाचल्या. सात जानेवारी, पावणेअकरा ते अडीच.

"म्हंजी म्या चुकीचं दाबलं न्हवतं?" आई म्हणाली.

मग सगळं सांगितलं. सात तारखेला अकराच्या सुमाराला बाचा कोयता उसावरनं निसटला आणि डाव्या पायावर बसला. आईनं बटण दाबलं. नुसतं गोल गोल फिरत राहिलं. पदरानं हात पुसून पुन्हा दाबलं. चार वेळा दाबलं. मग मला फोन लावला, तो मी उचलला नाही. तिला वाटलं, रक्ताच्या हातानं नीट दाबलं गेलं नाही, आपल्याला अडाण्याला येत नाही. मुकादमाचा ट्रॅक्टर ऊस खाली करून तीनला आला, तेव्हा त्यातून नेलं. तोवर फडात चिंधी बांधून. दोन बोटं काढावी लागली, अंगठा आणि शेजारचं. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा ती दवाखान्यात होती आणि मी तिला सांगत होतो, एक मिनिट बंद नाही.

मला का सांगितलं नाहीस, सिस्टरला का नाही?

"सिस्टर इचारनार, बटन का दाबलं न्हाई. दाबलं म्हनलं तर तुझ्या मशीनवर बोट. तू म्हनत हुतास समदं चालू हाय, मंग खोटी मीच. समद्या बायांना म्या सांगितलं, पोराची नोकरी हाय, कुनी तोंडातनं काडायचं न्हाई. त्यातल्या दोघींनी बी दाबलं हुतं नंतरच्या मंगळवारी, तापाला. म्या त्यास्नी म्हनलं, आपल्यालाच येत न्हाई."

तक्रार एकही नाही, असं मी सिस्टरला ओरडून सांगितलं होतं. ती माझी आई दाबून बसली होती म्हणून नव्हती.

आज लिहवत नाही पुढं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारी दुपारी मशीन बंद पडणार, एवढं सिस्टरना सांगून दोन दिवस कराडकडं जाऊन आलो. बा खोपीत खाटेवर, पाय उशीवर. मला बघून म्हणाला, "मशीन सोडून आला व्हय?" मी त्याच्या पायाशी बसलो आणि रडलो. तो म्हणाला, "येडा का खुळा. कोयता माझ्या हातात हुता, तुझ्या मशीनच्या न्हाई." जखम अजून ओली आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलं असतं तर निदान एक बोट राहिलं असतं.

परतताना एसटीत बसून अहवाल लिहिला. जानेवारी ९८.१३, डिसेंबर दुरुस्त करून वेगळा, कसं चुकलं ते सगळं. मग वाटलं, ९८.१३ हेही बरंच दिसतं. त्यात रात्रीच्या तीनच्या हजेऱ्याही आहेत, जेव्हा कुणी बटण दाबत नाही. म्हणून खाली हातानं आईच्या नावाची एक ओळ लिहिली: ७ जानेवारी, केशरबाई सहादेव, बटण दाबलं चार वेळा, पोचलं शून्य वेळा. आधी सीमा सिस्टरना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पहिल्यांदाच मला "अंगद, बस" म्हणाल्या.

धनश्रीताईंचा फोन संध्याकाळी आला. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. सर्व्हर मार्चपासून पुण्याला जाणार. तोवर नीट सांभाळ म्हणाल्या.

एक डिसेंबरला मी याच वहीत लिहिलं होतं, पुढच्या हंगामात बा कोयत्यावर जाणार नाही. नाहीच जाणार. त्याला आता फडात उभं राहता येणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हजेरी घेणारं सॉफ्टवेअर आता नगरला, ताईंच्या ऑफिसातल्या मशीनवर आहे. इन्व्हर्टरची नवी बॅटरी आलेली नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी भर वर्गात मोबाईल बोंबलला. पोरं दचकली. मी दाराबाहेर येऊन सिस्टरला फोन केला, सिस्टर, बंद पडलंय. त्या तयारच होत्या, यादी घेऊन बसलेल्या. अडीचपर्यंत त्यांनी आणि आप्पासाहेबांच्या सुनेनं चाळीसही मुकादमांना फोन लावले, काही असेल तर थेट सांगा म्हणून. एका टोळीत बाळंतीण निघाली, तिला गाडी गेली. नोंदवहीत लाल शाईनं वेळ लिहिली. एवढं लाल बघून माझा जीव जायला हवा होता, पण मी शेजारी सहीही केली.

संध्याकाळी आईला फोन. "बरी हाय."

बाला दे, म्हणालो. पाण्याला गेलाय म्हणू नकोस.

बा आला. पाय कसा आहे विचारलं. "बरा हाय," म्हणाला. मी फोन ठेवला नाही. तिकडं खोपीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"दुखतोय रं," बा म्हणाला. "लई दुखतोय."